प्रार्थनागृहाचा धर्म आणि पायरीवरचा माणूस

लंडन शहराच्या पूर्व भागात ब्रिक लेन आणि फोर्निए स्ट्रीट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर विटांची एक साधी, भक्कम इमारत उभी आहे. १७४३ साली फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांनी ती चर्च म्हणून बांधली. १८१९ साली तेथे मेथडिस्ट पंथाचे चॅपेल आले. १८९८ साली त्या चॅपेलचे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनागृह झाले. १९७६ पासून तेथे मशीद आहे. छप्पर तेच, भिंती त्याच, आत येणारी माणसे मात्र दर काही पिढ्यांनी बदलत गेली. या बदलासाठी कोणी सैन्य आणले नाही आणि कोणी घुमट पाडला नाही.

आपल्या देशात प्रार्थनास्थळाचा धर्म हा दंगलींचा, मोर्चांचा आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यांचा विषय आहे. त्यामुळे ही हकीकत ऐकली की आपल्या विद्यार्थ्यांना ती खोटी वाटते, किंवा तिकडचे लोक फार उदार असले पाहिजेत असे वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. ही इमारत कशी हस्तांतरित होत गेली, कोणत्या कारणांनी होत गेली आणि त्या इतिहासातून आपल्या चळवळीने काय घ्यावे, याची मांडणी येथे करावयाची आहे. प्रार्थनागृह ताब्यात येणे आणि त्याच्या आत प्रत्येकाला सारखी जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली की दुसरी आपोआप साधते असे आपण गृहीत धरतो. इतिहासाचा दाखला तसा नाही.

विणकरांची वस्ती

फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना ह्यूगेनॉट म्हणत. १५९८ च्या नान्त येथील आदेशाने त्यांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य मिळाले होते. चौदाव्या लुईने १६८५ साली तो आदेश रद्द केला. त्यांची चर्चे पाडली गेली, धर्मगुरू हद्दपार झाले, आणि लाखो माणसे देश सोडून पळाली. त्यांपैकी सुमारे ५० हजार इंग्लंडात आली. त्यांच्यातील रेशीम विणणारे कारागीर लंडनच्या जुन्या तटाबाहेरील स्पिटलफील्ड्स या भागात वसले. तटाच्या आत व्यवसायसंघांचे कडक निर्बंध होते, तटाबाहेर ते सैल होते. गावकुसाबाहेर राहणे काय असते हे आपणांस सांगावयास नको. पण एक भेद येथेच नोंदवून ठेवला पाहिजे. ह्यूगेनॉट परके होते, गरीब होते, अस्पृश्य नव्हते. त्यांनी विणलेले रेशीम अंगावर घालताना कोणा सरदाराला विटाळ झाला नाही.

या विणकरांनी १७४३ साली आपले चर्च बांधले. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राजमान्य पंथाचे भव्य क्राइस्ट चर्च १७२९ साली पूर्ण झाले होते. एका टोकाला सत्तेचा धर्म आणि दुसऱ्या टोकाला निर्वासितांचा. निर्वासितांच्या इमारतीवर शिखर नव्हते, मूर्ती नव्हत्या. बाहेरच्या भिंतीवर एक सूर्यघटिका होती, ती आजही आहे. तिच्यावर १७४३ हे साल आणि माणूस म्हणजे केवळ छाया, अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द कोरलेले आहेत.

पुढे विणकामाची वाताहत झाली. मजुरी घटली तेव्हा विणकरांनी मागावरचे रेशीम कापून टाकण्याचा मार्ग धरला. सैन्य आणले गेले आणि १७६९ साली विणकरांना फाशी देण्यात आली. १७७३ च्या कायद्याने मजुरीचे दर ठरवून देण्याची सोय झाली, ती १८२४ मध्ये काढून घेण्यात आली. नंतर यंत्रमाग आले, आणि १८६० च्या इंग्लंड-फ्रान्स करारानंतर फ्रेंच रेशीम जकातीशिवाय येऊ लागले. हातमागाचा शेवट झाला.

वऱ्हाड-नागपूरच्या वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. आपल्या भागातील महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा मोठा होता. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला, तिकडचे कापड येथे आले, १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि माग थंडावले. स्पिटलफील्ड्सचा विणकर आणि विदर्भातील महार विणकर यांना एकाच यंत्रयुगाने गाठले. फरक असा की माग मोडल्यावर ह्यूगेनॉटांची नातवंडे नाव बदलून, भाषा बदलून इंग्रज समाजात मिसळून गेली. आपल्या विणकराचा माग गेला, जात गेली नाही.

धर्मांतरासाठी घेतलेली जागा

फ्रेंच बोलणारे भाविक कमी होत गेले तशी इमारत इतरांच्या हाती गेली. १८०९ साली लंडनमध्ये यहुद्यांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तिने ही जागा भाड्याने घेतली आणि तिचे नावच यहुद्यांचे चॅपेल असे ठेवले. यहुद्यांनी येथे यावे, प्रवचने ऐकावीत आणि ख्रिस्ती व्हावे अशी योजना होती. ती फळली नाही. दहा वर्षांनी, १८१९ मध्ये, इमारत मेथडिस्टांकडे गेली.

मेथडिस्ट हे नाव वाशीम जिल्ह्यात नवे नाही. येथील रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळ याच पंथाच्या मिशनचे. जॉन वेस्ली (१७०३ ते १७९१) यांनी इंग्लंडात हा पंथ उभा केला. राजमान्य चर्चमध्ये ज्यांना मान नव्हता अशा खाणकामगारांना, कारागिरांना त्यांनी उघड्या मैदानावर प्रवचने दिली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी १७७४ साली पुस्तिका लिहिली. सामान्य मजुराला उभे राहून बोलण्याची, सभा चालवण्याची, वर्गणीचा हिशेब ठेवण्याची सवय या पंथाने लावली. इंग्लंडच्या कामगार चळवळीतील अनेक कार्यकर्ते मेथडिस्ट चॅपेलांत तयार झाले. पुढे अमेरिकेतील मेथडिस्ट मिशनरी १८५६ पासून भारतात आले.

स्पिटलफील्ड्सचे चॅपेल सुमारे ८० वर्षे चालले. नंतर वस्ती पुन्हा बदलली.

चॅपेलचे सिनेगॉग

१८८१ मध्ये रशियाच्या झारचा खून झाला आणि त्या साम्राज्यातील यहुद्यांवर हल्ल्यांची लाट आली. तेव्हापासून पहिल्या महायुद्धापर्यंत लाखाहून अधिक यहुदी इंग्लंडात येऊन स्थिरावले. त्यांतील फार मोठा भाग पूर्व लंडनमध्ये राहिला. शिंपीकाम, जोडे शिवणे, फर्निचर तयार करणे अशी कामे ते कोंदट खोल्यांत, ठरलेल्या वेळेपलीकडे, उक्त्या मजुरीवर करीत.

लंडनमध्ये आधीपासून सुस्थितीतील यहुदी होते. त्यांचे श्रीमंत पुढारी होते, इंग्रजी रीतीची सिनेगॉग होती. या नव्या, फाटक्या कपड्यांच्या, यिडिश बोलणाऱ्या धर्मबांधवांमुळे आपली अब्रू जाईल अशी त्यांना भीती वाटे. नव्यांनाही जुन्यांचा धर्माचार ढिला वाटे, विशेषतः मांसाच्या शुद्धतेबाबत. म्हणून त्यांनी आपली वेगळी सभा काढली. तिचे नाव माखझिके हदस, म्हणजे धर्म घट्ट धरून ठेवणारे. या सभेने ब्रिक लेनवरील चॅपेल घेतले आणि १८९८ मध्ये तेथे स्पिटलफील्ड्स ग्रेट सिनेगॉग सुरू झाले. शेजारी मुलांना धर्मग्रंथ शिकवण्याची शाळा होती.

ज्या दालनात यहुद्यांना ख्रिस्ती करण्यासाठी प्रवचने झाली, त्याच दालनात ८९ वर्षांनी यहुद्यांनी आपला तोराह ग्रंथ आणून ठेवला. तोही दान म्हणून मिळालेल्या जागेत नव्हे. गरीब शिंप्यांनी आणि चांभारांनी पैसे जमवून, करार करून घेतलेल्या जागेत.

हे हस्तांतर इतक्या सहज कसे झाले? त्याची तीन कारणे दिसतात. एक, प्रॉटेस्टंट मतानुसार चॅपेलच्या भिंती पवित्र नसतात. पवित्र असते ती जमलेली सभा. सभा उठून दुसरीकडे गेली की उरते ती इमारत. यहुद्यांतही सिनेगॉग हे मुख्यतः जमण्याचे व वाचनाचे घर असते. तोराहची गुंडाळी नेली की त्या घराचे महत्त्व तिच्याबरोबर जाते. दोन्हीकडे प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती नाही, म्हणून ती हलवण्याचे पातकही नाही. दोन, बांधणी सोयीची होती. मोठे मोकळे दालन आणि वर सज्जे ही चॅपेलची रचना, स्त्रियांना वेगळे बसवणाऱ्या सिनेगॉगला जशीच्या तशी चालली. तीन, कागदपत्र. इंग्लंडात राजमान्य चर्चच्या बाहेरच्या पंथांना सरकारी आधार नव्हता. त्यामुळे आपली चॅपेल विश्वस्तांच्या नावे, रीतसर दस्तऐवज करून ठेवण्याची सवय त्यांना लागली होती. मेथडिस्टांनी तर १८३२ साली सर्व चॅपेलांसाठी एक नमुनादस्त केला. मालक कोण, व्यवहार कोणी करायचा, हे ठरलेले असल्यामुळे देवाच्या नावाने भांडण्याचे कारण उरत नव्हते.

विसाव्या शतकात यहुद्यांची पुढची पिढी शिकली, वर आली आणि उत्तर लंडनकडे सरकली. युद्धकाळातील बाँबहल्ल्यांनी वस्ती आणखी पांगली. ब्रिक लेनवर आता बांगलादेशातील, मुख्यतः सिल्हेटचे, मुसलमान कामगार राहू लागले होते आणि तेही कपडेच शिवत होते. १९७६ मध्ये सिनेगॉगची मशीद झाली. सूर्यघटिका कोणी काढली नाही.

शेजाऱ्यांचा द्वेष

एवढे वाचून पूर्व लंडन म्हणजे सर्वधर्मसमभावाची भूमी, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहू नये. इमारत शांतपणे बदलली. रस्ता शांत नव्हता. ह्यूगेनॉट आले तेव्हा ते मजुरी पाडतात अशी ओरड झाली. यहुदी आले तेव्हा तीच ओरड झाली आणि १९०५ मध्ये परदेशीयांना रोखणारा कायदा झाला. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोस्लीच्या फासिस्टांनी या भागातून संचलन काढायचे ठरवले. यहुदी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट यांनी केबल स्ट्रीटवर अडथळे उभारून ते होऊ दिले नाही.

बंगाली आले तेव्हा शिव्या त्याच, भाषा तीच. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा तरुण बंगाली शिवणकामगार घरी जात असताना वंशद्वेषातून मारला गेला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याची शवपेटी प्रतीकरूपाने घेऊन पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. ज्या उद्यानाजवळ हा खून झाला त्याला १९९८ मध्ये अल्ताब अलीचे नाव देण्यात आले. म्हणजे या लोकांना जे मिळाले ते यजमानांच्या उदारतेने मिळाले नाही. वर्गणी, संघटना आणि रस्त्यावरचा लढा यांनी मिळाले. इमारतीचा करार पैशाने होतो. शेजारात उभे राहण्याचा हक्क वेगळ्याने कमवावा लागतो.

मराठी बोलणारे यहुदी

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. कुलाबा जिल्ह्यातील गावांत ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. जातिव्यवस्थेने त्यांनाही धंद्यावरून एक जात करून टाकले होते. कंपनीच्या सैन्यात नोकरी केलेल्या सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे नाव शाआर हारहमीम, दयेचे दार. गंमत अशी की बेने इस्राएल लोक मराठीत आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत. हे सिनेगॉग जुनी मशीद म्हणून ओळखले जाई. प्रार्थनागृहाला मराठीत जो शब्द हाताशी होता तो त्यांनी घेतला. त्यात त्यांना धर्म बुडाल्यासारखे वाटले नाही.

मिशनऱ्यांचा त्यांच्याशी आलेला संबंध ब्रिक लेनच्या इतिहासाशी जुळतो. अमेरिकन मराठी मिशनने त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. यहुद्यांना त्यांचाच जुना करार मूळ भाषेत वाचायला शिकवावा, मग ते नव्या कराराकडे वळतील, असा हिशेब होता. बेने इस्राएलांनी अक्षरे घेतली, व्याकरण घेतले, छापखान्याची कला घेतली. ख्रिस्ती मात्र अगदी थोडे झाले. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात त्यांनी वल्हांडण सणाचे हागादा हे पुस्तक मराठी भाषांतरासह छापले. दुसऱ्याच्या हेतूने मिळालेल्या विद्येचा त्यांनी स्वतःच्या हेतूसाठी उपयोग केला.

आपला इतिहासही असाच आहे. महार-मांगांच्या अनेक मुलांनी पहिली पाटी मिशनच्या शाळेत हाती घेतली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा सर्व धर्मांची निमंत्रणे आली. मुंबईतील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप बॅडली यांनीही स्वागताची भाषा केली. बाबासाहेबांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, २१ वर्षे अभ्यास केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जो निर्णय दिला तो स्वतःचा होता. कोणीतरी आपल्यासाठी काढून ठेवलेल्या चॅपेलमध्ये जाऊन बसणे आणि आपले घर आपण निवडणे यांतील अंतर हे आहे.

पायरी

परंतु घर स्वतःचे झाले म्हणून आत समता येते काय? बेने इस्राएलांतच गोरे आणि काळे असा भेद होता. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेली संतती ती काळी, असे मानून गोरे त्यांच्याशी बेटीव्यवहार करीत नसत, भांड्यांचाही विटाळ पाळीत. देव एक, ग्रंथ एक, शनिवार एक. पंगत मात्र वेगळी. हा भेद त्यांनी जेरुसलेमहून आणला नव्हता. तो कोकणातल्या मातीतला होता.

कोचीनला याहून उघड प्रकार होता. तेथील परदेशी सिनेगॉग १५६८ सालचे. त्या सभेतील मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना आत बाकावर बसू देत नसत. त्यांनी बाहेरच्या दालनात जमिनीवर बसावे, तोराह वाचण्याचा मान त्यांना नाही. याच वर्गात जन्मलेले अब्राहम बराक सालेम (१८८२ ते १९६७) वकील झाले. त्यांनी आपल्याच सिनेगॉगमध्ये सत्याग्रह केला, पायऱ्यांवर बसून निषेध केला. हळूहळू मागचे बाक मिळाले, मग इतर हक्क मिळाले. काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे बसली होती त्याच काळाच्या आसपास एक यहुदी आपल्याच देवाच्या दारात बसला होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही.

इस्राएल हे यहुद्यांचे राष्ट्र झाल्यावर बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले. तेथेही १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्राएलांशी विवाह नोंदवताना त्यांच्या वंशाची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करावी. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत आणि त्यांना समान हक्क आहेत असा ठराव केला, आणि नंतर आदेशातून त्यांचे नाव वगळण्यात आले. छळातून सुटून आलेला समाजही आपल्या घरात पायऱ्या बांधतो. छळ सोसला म्हणून माणूस आपोआप समतावादी होत नाही.

आपला प्रश्न

आपल्याकडे मंदिराच्या संदर्भात प्रश्न मालकीचा कधीच नव्हता, प्रवेशाचा होता. वऱ्हाडात १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रश्न उभा राहिला. त्या वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद झाली. २ मार्च १९३० रोजी नाशिकचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. ब्रिक लेनवरील यहुद्याला चॅपेल विकत घेता आले, कारण त्याच्या स्पर्शाने ते बाटते असे मेथडिस्ट मानत नव्हते. आपल्या पूर्वजांनी मंदिराच्या किमतीइतके पैसे जमवले असते तरी त्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता आले नसते.

आज कायद्याची स्थिती काय आहे हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. १९९१ च्या प्रार्थनास्थळे (विशेष तरतुदी) अधिनियमाच्या कलम ३ नुसार एका धर्माच्या वा पंथाच्या प्रार्थनास्थळाचे दुसऱ्या धर्माच्या वा पंथाच्या प्रार्थनास्थळात रूपांतर करता येत नाही. म्हणजे चॅपेलचे सिनेगॉग ही घटना आज भारतात राजीखुशीने घडवावयाची म्हटली तरी ती या कलमाच्या कक्षेत येईल. ज्या देशात जबरदस्तीची भीती खरी आहे तेथे असा कायदा लागतो, आणि अल्पसंख्याकांच्या दृष्टीने तो मोलाचा आहे.

इमारतीपुरते हे झाले. माणसाने धर्म बदलला तर काय होते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेला दलित अजूनही बाहेर आहे. मेथडिस्ट चर्चमध्ये जाणाऱ्या मांगाला गाव जातीनेच ओळखते आणि सरकार मात्र ओळखत नाही. बौद्धांनी ३४ वर्षे हीच वाट पाहिली. तेव्हा त्यांच्या मागणीबाबत आपण मौन धरणे शोभणारे नाही.

आता आपल्या विहारांकडे पाहू. इमारतीने धर्म बदलल्याची आपल्या वस्त्यांतील उदाहरणे १९५६ नंतरचीच आहेत. कोठे महारवाड्यातील तक्क्याचा किंवा चावडीचा विहार झाला, कोठे मरीआईचे ठाणे उठवून तेथे पंचशील ध्वज लागला, कोठे सरकारी निधीतून बांधलेल्या समाजमंदिरात बुद्धमूर्ती बसली. ही आपली शांततेने झालेली स्थित्यंतरे आहेत आणि त्यांचा अभिमान योग्यच आहे. परंतु ब्रिक लेनच्या इतिहासातून दोन प्रश्न आपल्याला विचारलेच पाहिजेत.

पहिला कागदाचा. विहार ज्या जागेवर आहे ती कोणाच्या नावे आहे? गायरानावर असेल तर सातबारा सरकारचा आहे. समाजमंदिर असेल तर ते बहुधा ग्रामपंचायतीच्या मालमत्तेत आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठवर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही; ती करआकारणीची नोंद आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो १९५० साली मुंबई राज्याचा कायदा म्हणून झाला, त्याखाली विश्वस्त संस्था नोंदवावी लागते, विश्वस्त बदलला की फेरबदल अहवाल द्यावा लागतो, आणि स्थावर मिळकत विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. नोंदणीच नसेल तर अतिक्रमणाची नोटीस आल्यावर निळा झेंडा हातात घेऊन मोर्चा काढता येतो, पण दाखवायला कागद नसतो. स्पिटलफील्ड्सचे शिंपी अर्धपोटी होते, तरी त्यांच्याकडे दस्तऐवज होता.

दुसरा प्रश्न पायरीचा, आणि तो अधिक अवघड आहे. आपल्या विहाराच्या विश्वस्तांत किती स्त्रिया आहेत? वर्षावासात ग्रंथवाचनाला रोज येऊन बसतात त्या स्त्रिया; हिशेबाची वही कोणाकडे असते? त्याच गावातील मातंग, चर्मकार, मेहतर कुटुंबे विहारात येतात काय? येत नसतील तर ती हिंदू आहेत म्हणून येत नाहीत, हे उत्तर पुरेसे आहे काय? त्यांना कोणी बोलावले होते काय, बोलावल्यावर ती कोठे बसली, त्यांच्या मुलाला अभ्यासाला ती खोली मिळते काय, हेही विचारावे लागेल. बेने इस्राएलांच्या गोऱ्यांनाही असेच वाटत होते की काळे आपण होऊनच दूर बसतात.

इमारतीला धर्म नसतो. तो तिच्यात जमणाऱ्या माणसांच्या वागण्यात असतो. ब्रिक लेनवरील इमारतीने दोन शतकांहून अधिक काळ निर्वासितांना छप्पर दिले, पण आतली समता प्रत्येक समाजाला आपली आपण घडवावी लागली. पुढच्या वर्षावासाचे वाचन सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी दोन कामे करावीत. विहाराचा कागद काढून पाहावा, आणि विहारात कोण येत नाही त्यांची यादी करावी. पहिले काम तहसील कचेरीत आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होईल. दुसऱ्यासाठी शेजारच्या वस्तीत चालत जावे लागेल.